इंजिन उघडण्याआधी

जुनी गाडी बाळगणाऱ्या घरांना एक तक्रार चांगली ठाऊक असते. सकाळी गाडी एका चावीत सुरू होते. जागेवर उभी असताना एकसारखी चालते. बाजारात, शाळेपर्यंत, नातेवाइकांच्या घरापर्यंत काही त्रास देत नाही. पण मोठ्या रस्त्यावर वेग घ्यावा किंवा घाट लागावा, इंजिनाचा आवाज चढावा, की ती अडखळू लागते. झटके देते, पिकअप जातो. पाय उचलला की पुन्हा शहाण्यासारखी चालते. मेकॅनिक लोक याला ‘मिसिंग’ म्हणतात.

आमच्या घरच्या गाडीला हा आजार गेल्या पावसाळ्यानंतर जडला. त्याचे निदान कसे झाले ते लिहून काढावे असे घरात ठरले, कारण या निदानावर दोन गोष्टी अवलंबून होत्या : अम्मीच्या डोळ्यांचा उपचार आणि भाचीच्या नर्सिंग कॉलेजची फी.

आम्ही म्हणजे चिपळूणच्या बाजूच्या एका घरातली माणसे. अम्मी, आम्ही बहीण-भाऊ, भावजय आणि भाची. सगळ्यांत थोरले भाईजान कुवेतमध्ये एका गॅरेजात काम करतात, त्यामुळे ते फोनवरच घरात असतात. आमच्यातला एक जण शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले. बोलणे मात्र सगळ्यांचे आहे.

गाडी आहे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. अब्बांनी मुंबईत कितीतरी वर्षे काळी-पिवळी चालवली. गावी परतताना त्यांनी साठवलेल्या पैशांतून हीच गाडी घेतली, फक्त रंग पांढरा. “जिनं पोट भरलं तिलाच घरी नेतोय,” असे ते म्हणत. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ मध्ये जी फियाट ११०० डिलाइट बनू लागली, तीच पुढे पद्मिनी या नावाने घराघरांत पोचली. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, त्या दिवशी टीव्हीवर बातमी पाहून अम्मी उठून अंगणात गेली आणि आमच्या गाडीवरची धूळ पुसून आली. अब्बा तोवर अल्लाहला प्यारे झाले होते.

अम्मीला साखरेचा आजार आहे. त्याचा परिणाम डोळ्यांच्या पडद्यावर झाला आणि महिन्याला एक इंजेक्शन डोळ्यात घ्यावे लागू लागले. तारीख चुकवून चालत नाही. उपचार कराडला. चिपळूणहून कराड म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटर, आणि मध्ये कुंभार्लीचा घाट. पोफळी सोडली की चढ सुरू होतो. रस्ता वळणांचा, मागे मालाने भरलेले ट्रक. अशा जागी गाडीने धापा टाकायला सुरुवात केली तर मागच्या सीटवर बसलेल्या, डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाच्या मनाचे काय होत असेल? अम्मी काही बोलत नसे. फक्त तिची तसबीह जरा जोरात फिरू लागे.

आम्ही गाडी एका गॅरेजात दाखवली. तिथे त्यांनी ती दहा मिनिटे चालवली, बॉनेट उघडून ऐकले आणि सांगितले, “इंजिन थकलंय. उतरवावं लागेल. बोअर, पिस्टन, व्हॉल्व्ह, सगळं. पंचेचाळीस हजार धरा. नाहीतर भंगारात द्या, एवढ्या जुन्या गाडीवर खर्च कशाला?” त्यांचे बोलणे वाईट नव्हते. चाळीस वर्षांच्या इंजिनाविषयी असे कुणालाही वाटेल. पण घरात तेव्हा चाळीस हजार रुपयेच बाजूला ठेवलेले होते, आणि ते भाचीच्या फीचे होते. फी भरायला सतरा दिवस उरले होते. भाची म्हणाली, “नानीचे डोळे आधी. मी पुढच्या वर्षी जाईन.” त्या रात्री घरात कुणी नीट जेवले नाही.

रात्री भाईजानांचा फोन आला. सगळे ऐकून त्यांनी एकच विचारले, “त्यांनी काही मोजलं का? कॉम्प्रेशन घेतलं? प्लग काढून बघितले?”

आम्ही म्हणालो, “नाही, ऐकून सांगितलं.”

“मग अजून इंजिन उघडायचं नाही,” ते म्हणाले.

भाईजानांच्या बोलण्याला वजन होते, कारण हाच आजार त्यांच्या रोजच्या कामाचा आहे. त्यांच्या गॅरेजात जुन्या अमेरिकन गाड्या येतात. तिकडे त्यांना ‘मसल कार’ म्हणतात. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून या गाड्यांचा जमाना सुरू झाला असे मानतात. मध्यम आकाराच्या गाडीत भले मोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे आणि सरळ रस्त्यावर पळवायचे, हा त्यामागचा विचार. मस्टँग, कमारो, चार्जर ही त्यातली नावाजलेली नावे. १९७० नंतर विम्याचे वाढते हप्ते, धुराचे कायदे आणि १९७३ चे तेलसंकट यांनी तो जमाना संपवला. पण शौकिनांनी गाड्या जपल्या आणि त्यातल्या काही आखाती देशांतही आहेत. भाईजान सांगतात, गिऱ्हाईक येते ते म्हणते, “खाली मक्खन, वर गेली की अडखळते.” त्याने त्याआधीच नवा कार्ब्युरेटर, नवी कॉइल, नवे प्लग घेतलेले असतात. खर्च झालेला असतो, आजार तिथेच असतो.

“सहा लिटरच्या इंजिनाला जो नियम, तोच तुमच्या एक लिटरच्या इंजिनाला,” भाईजान म्हणाले. “इंजिनाला तीन गोष्टी लागतात. वेळेवर ठिणगी, पुरेसं पेट्रोल, आणि हवा आत येऊन धूर बाहेर जायला मोकळी वाट. कमी फिरताना थोडी कमतरता असली तरी चालून जातं. जास्त फिरलं की तीच कमतरता उघडी पडते. आता ती तिघांपैकी कुठं आहे, एवढंच शोधायचं.”

मग त्यांनी हिशेब सांगितला आणि आमच्यातल्या शिक्षकाने तो वहीत उतरवला. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर प्रत्येक सिलिंडरला दर दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. म्हणजे मिनिटाला ६००० ठिणग्या, सेकंदाला १००. आठ सिलिंडरची मसल कार ६००० फेऱ्यांवर गेली तर सेकंदाला ४००. जुन्या गाड्यांत ही प्रत्येक ठिणगी पॉइंट नावाचे दोन छोटे धातूचे तुकडे उघडझाप करून पाडतात. पॉइंट मिटलेले असताना कॉइल भरते, उघडले की रिकामी होते. वेग वाढला की भरायला वेळ कमी मिळतो. पॉइंटमधले अंतर चुकले, त्यांची स्प्रिंग ढिली पडली किंवा कंडेन्सर खराब झाला, तर कमी वेगात भागते आणि वर गेल्यावर ठिणग्या गळू लागतात. म्हणूनच वेगवान अमेरिकन गाड्यांत पॉइंटच्या दोन-दोन जोड्या बसवत, आणि १९७० च्या दशकात तिथल्या कंपन्यांनी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आणली.

पेट्रोलचा हिशेब वेगळा. आमची गाडी घाटात ताशी ४० च्या वेगाने, लिटरला ६ किलोमीटर या दराने चढत असेल, तर तासाला साधारण पावणेसात लिटर लागतात. म्हणजे मिनिटाला ११० मिलिलिटर. उभ्या गाडीला मिनिटाला पंधरा-वीस मिलिलिटर पुरतात. टाकीपासून इंजिनापर्यंत कुठे वाट अरुंद झाली असेल, तर अंगणात ते कळणारच नाही. कळेल ते घाटात.

गावात आमच्या ओळखीचे एक वयस्क उस्ताद आहेत. आयुष्यभर फियाट आणि ॲम्बॅसेडर दुरुस्त करून आता घरी बसलेले. त्यांना आणायला आम्ही गेलो तेव्हा ते चहा पीत होते. आम्ही लक्षणे सांगायला सुरुवात केली तर म्हणाले, “काय बिघडलंय ते तुम्ही सांगू नका. कधी बिघडतं ते सांगा.”

या एका वाक्याने कामाला दिशा मिळाली. पुढचे तीन दिवस आम्ही वही घेऊन गाडी चालवली. एक चालवणारा, एक लिहिणारा. गिअर कोणता, वेग किती, चढ की सपाट, इंजिन थंड की गरम, टाकीत पेट्रोल किती, आणि सगळ्यांत महत्त्वाचे, पाय दाबल्यापासून किती सेकंदांनी अडखळते. तीन दिवसांनी पाने उलटून पाहिली तेव्हा गाडीच्या वागण्यात बेशिस्त काहीच नव्हते. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी आवाज स्वच्छ. सपाट रस्त्यावर साठपर्यंत काही नाही, सत्तरच्या पुढे नेली तर मिनिटाभराने झटके. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये साधारण अर्ध्या मिनिटाने झटके. पाय उचलून दहा-पंधरा सेकंद थांबले की पुन्हा ठीक, आणि पुन्हा अर्ध्या मिनिटाने तेच. थंड सकाळी आणि भर दुपारी यात काही फरक नाही.

उस्तादांनी वही नाकाजवळ धरून वाचली आणि समजावून सांगितले. ठिणगीचा दोष बहुधा फटकन येतो आणि फटकन जातो. इंजिनाने ठराविक वेग गाठला की लगेच, अर्धा मिनिट वाट बघत नाही. पॉइंट उडत असते तर उभ्या गाडीतही आवाज चढवल्यावर कळले असते. कॉइल गरम होऊन मरत असती तर दुपारी जास्त त्रास झाला असता. पण जो दोष उशिरा येतो आणि थोडी विश्रांती दिली की जातो, तो सहसा पुरवठ्याचा असतो. कार्ब्युरेटरला फ्लोटची एक छोटी वाटी असते. तिच्यातला साठा संपेपर्यंत गाडी पळते. मागून भरपाई कमी पडली की वाटी रिकामी होते आणि गाडी उपाशी पडते. पाय उचलला की वाटी हळूहळू भरते.

“पण हा अंदाज झाला,” उस्ताद म्हणाले. “अंदाजावर पाना फिरवायचा नाही. एकेकाला निर्दोष सोडत जायचं.”

पहिली परीक्षा फुकटची होती. पद्मिनीला चोकची हाताने ओढायची कळ असते. घाटात झटके सुरू झाले की ती अर्धी ओढायची. चोक हवा कमी करतो, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिन पेट्रोलसाठी तडफडत असेल तर घडीभर सावरेल. ठिणगीचा दोष असेल तर उलट आणखी गुदमरेल. आम्ही ओढली. गाडी सावरली, चार-पाच सेकंद चालली, मग पुन्हा झटके. त्याच ठिकाणी रुंद जागा पाहून बाजूला थांबवली आणि प्लग काढून पाहिले. काळे नव्हते, ओले नव्हते. कोरडे आणि फिकट. पेट्रोल कमी, हवा जास्त, अशी त्यांची साक्ष होती.

तरीही ठिणगीची बाजू तपासल्याशिवाय सोडली नाही. ईशानंतर अंगणातला दिवा बंद केला, बॉनेट उघडले आणि इंजिन चालू ठेवून सगळे अंधारात उभे राहिलो. प्लगच्या वायरी फुटलेल्या असतील तर अंधारात निळ्या ठिणग्या बाहेर उडताना दिसतात. अम्मीही खुर्ची घेऊन बसली होती. तिने विचारले, “दिसलं काही?” भाची म्हणाली, “नाही नानी, काळोख आहे.” अम्मी हसून म्हणाली, “मग बरं आहे. मला वाटलं माझेच डोळे.” दुसऱ्या दिवशी डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून फीलर गेजने पॉइंटचे अंतर पाहिले. ०.४५ मिलिमीटर, जसे हवे तसे. पॉइंट जळलेले नव्हते, त्यांवर खड्डे-उंचवटे नव्हते, म्हणजे कंडेन्सरही शाबूत.

मग आली खरी धाकधूक, इंजिनाच्या तब्येतीची. उस्तादांनी कुणाकडून तरी कॉम्प्रेशनचे गेज मागून आणले. चारही प्लग काढायचे, एकेका भोकात गेज बसवायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारायचा आणि आकडा लिहायचा. एखादा पिस्टन किंवा व्हॉल्व्ह गेलेला असेल तर त्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा खाली येतो. सगळेच झिजले असतील तर चारही खाली येतात. आमचे चारही आकडे चांगले निघाले आणि त्यांच्यात पाच पौंडांचाही फरक नव्हता. सायलेन्सरमधून निळा धूर नव्हता, ऑइल पूर्वीइतकेच लागत होते. उस्तादांनी गेज पुसून पिशवीत ठेवले आणि म्हणाले, “तुमच्या अब्बांनी ऑइल वेळेवर बदललंय. या इंजिनाला हात लावायची गरज नाही.” पंचेचाळीस हजारांचे ओझे तिथेच उतरले. आजार मात्र अजून सापडायचा होता.

आता उरली पेट्रोलची वाट. ती टाकीपासून सुरू होते. टाकीच्या झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असते. ते बुजले तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. झाकण सैल ठेवून, टाकी अर्धीच भरलेली असताना, घाटाचा पहिला टप्पा चढलो. झटके तसेच. झाकण सुटले. जाळी आणि फिल्टर पाहिले, थोडा गाळ होता, पुसून बसवला. झटके तसेच. कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून बाटलीत धरला, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर सोडली, आणि सेल मारला. पंप ठेक्यात चांगल्या पिचकाऱ्या सोडत होता. आम्हाला वाटले, इथेही काही नाही.

उस्ताद मात्र म्हणाले, “सेल मारल्यावर पंप आरामात चालतो. घाटात तो जीव तोडून ओढतो. पुढं ढकलणारी बाजू चांगली आहे, ओढणारी बाजू अजून पाहिलेली नाही.”

ओढणारी बाजू म्हणजे टाकीकडून आलेली लोखंडी नळी आणि तिला पंपाशी जोडणारा वीतभर रबरी पाइप. बाहेरून तो काळा, गुळगुळीत, कुठे चीर नाही, कुठे गळती नाही. उस्तादांनी तो दोन बोटांत दाबला. जुने पण चांगले रबर दाबून सोडले की फुगून परत येते. हा आला नाही. उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा चपटा राहिला. उस्तादांनी आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता दुकानाचा रस्ता दाखवला.

इथेनॉल चालेल असा नवा पाइप आणि दोन क्लिपा, शंभर-सव्वाशे रुपयांचे सामान. दुसरे काहीही बदलायचे नाही, अशी भाईजानांची ताकीद होती. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. पाइप बसवून आम्ही घाट चढलो. पहिले वळण, दुसरे वळण, जिथे हमखास झटके यायचे ती जागा आली आणि मागे गेली. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज एकसुरी, जसा अब्बा चालवताना असायचा. हेळवाकपर्यंत कुणी बोलले नाही. बोललो तर काही बिघडेल अशी भीती होती.

खाली आल्यावर भाईजानांना फोन केला. ते खूश झाले, पण म्हणाले, “आता जुना पाइप परत लावा आणि पुन्हा चढा.” भावजय वैतागली, “पेट्रोल काय फुकट येतं?” पण त्यांचे म्हणणे खरे होते. पाइप बदलताना क्लिपा घट्ट झाल्या, पंप हलला, गाळ निघाला, यांपैकी कशानेही तात्पुरता गुण येऊ शकतो. अम्मीला मागे बसवून न्यायचे असेल तर खात्री हवी. जुना पाइप लावला, घाट चढलो, अर्ध्या मिनिटाने ठरल्याप्रमाणे झटके. नवा लावला, झटके गेले. मग उस्तादांनी जुना पाइप ब्लेडने उभा चिरला. आतले अस्तर फुगून सुटले होते. पंपाने जोरात ओढले की ते आत खेचले जाऊन वाट मिटत होती, आणि पंप शांत झाला की पुन्हा उघडत होती. बाहेरून हा दोष डोळ्यांना दिसणे शक्यच नव्हते.

पाइप जुना होता, वयाने गेला हे तर आहेच. पण आणखी एक गोष्ट जुन्या गाड्या असलेल्या घरांनी ध्यानात ठेवावी. देशातल्या बहुतेक पंपांवर २०२५ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. चाळीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉलने असे रबर फुगते, मऊ पडते, आणि इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेते. म्हणून जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची वॉशरे एकदा तपासून इथेनॉल चालेल अशी बसवून घ्यावीत. मऊ पडलेला पाइप गरम इंजिनाशेजारी गळू लागला तर आग लागू शकते, तेव्हा हा केवळ झटक्यांचा प्रश्न नाही. आणि पेट्रोलची कुठलीही तपासणी उघड्यावर करावी, जवळ विडी-सिगारेट, चूल किंवा लहान मुले नसावीत.

या साऱ्या खटाटोपात आमच्यातल्या शिक्षकाला शाळेतली मुले आठवत राहिली. एखादे मूल पुस्तक हातात घेऊन खडाखडा वाचते आणि फळ्यावरचे वाचताना अडखळते. घाईत कुणीही म्हणेल की अभ्यासात कच्चे आहे, एक वर्ष मागे ठेवा. पण कुठे अडखळते आणि कुठे नाही, हे आठवडाभर लिहून ठेवले तर कळते की त्याला पाठ्यपुस्तकाची नव्हे, चश्म्याची गरज आहे. संपूर्ण मुलाला नापास करणे सोपे असते. वीतभर पाइप शोधायला वेळ लागतो.

तुमच्या गाडीला असा आजार झाला तर आमचा अनुभव एवढेच सांगतो. आधी वही घ्या. उभ्या गाडीत होते की ओझ्याखाली, लगेच होते की थोड्या वेळाने, थंडीत की गरमीत, हे लिहा. फुकटच्या तपासण्या आधी, स्वस्त सामान नंतर, इंजिन सगळ्यांत शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदला. कुणी इंजिन उतरवायला सांगितले तर नम्रपणे कॉम्प्रेशनचे आकडे मागा. चांगला मेकॅनिक त्याने रागावत नाही. आणि गावात एखादे वयस्क उस्ताद असतील तर त्यांच्याकडे जा. अशी माणसे दुकान बंद करून घरी बसली आहेत आणि त्यांच्याकडचे ज्ञान कुठल्याही पुस्तकात पूर्ण उतरलेले नाही. आमच्या उस्तादांनी मजुरी घेतली नाही. अम्मीने त्यांच्या घरी सांदणे पाठवली, तेवढी मात्र त्यांनी ठेवून घेतली.

भाचीची फी मुदतीच्या सहा दिवस आधी भरली. ती आता पहिल्या वर्षाला आहे आणि सुट्टीत आली की नानीचा साखरेचा तक्ता स्वतः भरते. अम्मीची त्यानंतर चार इंजेक्शने झाली, एकही तारीख चुकली नाही. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढी नजर टिकली तरी मोठी गोष्ट. उस्तादांनी चिरलेला जुना पाइप आमच्यातल्या शिक्षकाने शाळेत नेला आहे. विज्ञानाच्या तासाला मुले तो हातात घेतात, बाहेरून पाहतात, आणि विचारतात की हा तर चांगला दिसतो, मग बदलला कशाला? मग त्यांना तो उघडून दाखवायचा.